मागे उभं राहायचं काम

गाडी टेकली तेव्हा आवाज असा झालाच नाही. भरलेली उशी कुणी पाठीमागे सरकवावी तेवढंच काहीतरी सीटमधून त्याच्या कण्याला कळलं, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की थाप आलीच नव्हती. तो थापेची वाट बघत होता. वर्षानुवर्षं ती येत आली होती. सकाळी तो दुकानात जायला निघाला की बाबा त्याच्यामागोमाग जिना उतरायचे, पार्किंगमध्ये गाडीच्या मागे जाऊन उभे राहायचे आणि तोंडाने म्हणत राहायचे, येऊ दे, येऊ दे, येऊ दे. आणि कंपाउंडची भिंत जवळ आली की डिकीवर उजव्या तळहाताची एक सणसणीत थाप. म्हणजे थांब. थांब हे तोंडाने सांगायचं नसतं, लोखंडाला सांगायचं असतं, असं बाबांचं म्हणणं. त्यांची सगळी नोकरी एका मालगोदामाच्या फलाटावर गेली होती, ट्रक मागे लावून घेण्यात. तिथे इंजिनांच्या घरघरीत माणसाचं ओरडणं कोण ऐकतो? पत्र्यावरची थाप मात्र ड्रायव्हरच्या पायापर्यंत जाते. त्याच्याही पायापर्यंत ती जायची, मध्ये डोकं लागायचंच नाही. मग बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, दवाखाना झाला, पाय हळूहळू परत आला, जीभ बरीचशी आली, हात तेवढा आला नाही. ह्या सगळ्या महिन्यांत गाडी काढताना तो मान वळवून वळवून कसंबसं निभावत होता. आज बाबा आपण होऊन खाली आले. भिंतीला धरून धरून का होईना, आले. गाडीमागे जाऊन उभे राहिले आणि येऊ दे म्हणाले. त्याला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की त्याने जुन्या सवयीने मान समोर केली, पाय सैल सोडला आणि ते येऊ दे, येऊ दे ऐकत मागे गेला, अजून मागे गेला, आणि मग ते उशीसारखं काहीतरी.

तो उतरून धावला तेव्हा बाबा भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसले होते, पाय पसरून. वर भिंतीतला नळ टपटप गळत होता, नेहमीसारखा. बंपर त्यांच्या गुडघ्याला चिकटून थांबला होता. चिकटून म्हणजे अगदी चिकटून. बोट घालायला जागा नव्हती. "टेकली नुसती," बाबा म्हणाले. "काही नाही झालं. तू ओरडू नकोस." तो ओरडत होता हे त्याला तेव्हा कळलं. लागलं का, कुठे लागलं, मी बघितलं कसं नाही, असलं काहीबाही. बाबा त्याच्याकडे बघतच नव्हते. ते त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होते. तो मांडीवर पडला होता, बोटं आत वळलेली, दुसऱ्या कुणाची तरी वस्तू सांभाळायला ठेवल्यासारखा. "मारली की मी थाप," बाबा म्हणाले. "मला वाटलं, मारली." आणि मग लहान मुलाने चूक कबूल करावी तसे हसले. ते हसणं त्याला गुडघ्यापेक्षा जास्त लागलं. त्याने त्यांना काखेत हात घालून उठवलं, वर नेलं, बायकोच्या ताब्यात दिलं. तिने गुडघा बघितला, बर्फ लावला. ती काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला जिना उतरताना वाटत राहिलं.

त्याचं चष्म्याचं दुकान होतं. पुढे काचेची कपाटं, फ्रेमा, आरसे. मागे नंबर तपासायची खोली. खोली कसली, बोळकंडी. इतकी आखूड की अक्षरांचा तक्ता समोर लावला तर आंधळ्यालाही वाचता यावा. म्हणून तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे, उलट्या अक्षरांत छापलेला, आणि समोर मोठा आरसा. आरशात ती उलटी अक्षरं सुलटी होतात आणि अंतर दुप्पट. नवीन माणसाला हे सांगायला त्याला मनापासून आवडायचं. लोक मान मागे वळवून तक्ता बघायचे, पुन्हा आरशात बघायचे, म्हणायचे, कमाल आहे. त्या दिवशी त्याने कुणालाच काही सांगितलं नाही. उजवा झाका. वाचा. आता डावा झाका. पुसट दिसतंय का? ही काच बरी की ती? त्याचं तोंड बोलत होतं आणि पाठ तेवढी गाडीतच राहिली होती. एका बाईच्या नाकावर त्याने चाचणीची फ्रेम दोनदा उलटी ठेवली तेव्हा ती म्हणाली, "तुम्हालाच बरं वाटत नाहीये का?" तो म्हणाला, नाही, नाही, ठीक आहे. ठीक काय होतं? आणखी तळहाताएवढी गाडी मागे गेली असती तर? ह्या तळहाताएवढ्याशी तो दिवसभर खेळत राहिला. मनात गाडी पुन्हा पुन्हा मागे जायची. लहान असताना तो बाबांचा डबा घेऊन गोदामात जायचा. एकदा त्याने बाबांना फलाटाला पाठ लावून उभं राहिलेलं पाहिलं होतं, आणि समोरून, नव्हे, पाठमोरा, एक ट्रक त्यांच्यावर चालून येत होता, घराएवढा. बाबा येऊ दे, येऊ दे करत होते. त्याने डोळे गच्च मिटले. थाप ऐकू आली तेव्हा उघडले. ट्रक आणि बाबा ह्यांच्यामध्ये तेव्हा तळहाताएवढंच अंतर उरलं होतं. "भीती नाही वाटत तुम्हाला?" त्याने विचारलं होतं. बाबा डबा उघडत म्हणाले होते, "भीती ड्रायव्हरला वाटते. त्याला मागचं दिसत नाही ना. म्हणून तर मला उभं करतात."

"मागे कॅमेरा बसव," बायको संध्याकाळी म्हणाली. "सगळ्यांकडे असतो हल्ली. आणि त्यांना सांग, खाली यायचं नाही म्हणून. मी सांगून झालं. माझं ऐकत नाहीत." कॅमेरा बसवून देणारी दुकानं काय, रस्त्यारस्त्यावर होती. गाडी सोडायची, चहा पिऊन यायचं, झालं. पण त्याने कॅमेऱ्याचं खोकं मागवलं आणि तो म्हणाला, मीच बसवतो. "तू?" बायको म्हणाली, आणि त्या एका अक्षरात तिने घरातला मोडलेला पंखा, उलटी बसवलेली कडी आणि आजतागायत लोंबणारी पडद्याची काठी असं सगळं आणलं. तो हसला नाही. त्याला तिला समजावून सांगता आलं नसतं. दवाखान्यात इतके दिवस तो बाकावर बसून होता. डॉक्टर म्हणायचे, वाट बघू. व्यायाम घ्यायला येणारी मुलगी म्हणायची, दादा, नसांचं काय सांगता येत नाही, एखाद्या दिवशी त्यांच्या नकळत हात हलेलसुद्धा. म्हणजे पुन्हा वाट बघू. त्याच्या हातात द्यायला कुणाकडे काहीच नव्हतं, साधा एक स्क्रूही नव्हता. आता एक खोकं होतं. त्यात नखाएवढा काळा डोळा, एक लांबलचक वायर, गाडीतल्या आरशावर चिमटवायचा एक छोटा पडदा, आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांतला एक कागद. हे तरी जमेल, असं त्याला वाटलं. एवढं तरी आपल्याला जमायला हवं.

रविवारी तो सकाळीच खाली उतरला आणि बघतो तर बाबा मागोमाग. खुर्ची आणून नळाजवळ ठेवावी लागली. "मी नुसता बसतो," ते म्हणाले. नुसतं बसतील तर ते बाबा कसले? डिकीच्या दाराचं आतलं प्लास्टिक काढताना कडाकड आवाज झाला तेव्हा ते म्हणाले, मोडलंस. ते खरंच मोडलं होतं. दोन खुंट्या तुटून आत पडल्या. मागच्या दिव्याची वायर शोधायला तो टेस्टर घेऊन वाकला तेव्हा म्हणाले, रिव्हर्स टाक आधी, दिवा लागेल तीच तुझी तार. तो गाडीत जाऊन गिअर टाकून आला. दिवा लागला. तीच तार. तिथून कॅमेऱ्याला वीज घ्यायची, म्हणजे गाडी मागे घ्यायला लागलं की डोळा आपोआप उघडणार. तो स्क्रू काढत होता आणि ते कुठे ठेवावे कळत नव्हतं. जमिनीवर ठेवला की घरंगळत नळाच्या पाण्यात जायचा. बाबांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला, मांडीवर ठेवला आणि बोटं एकेक करून उलगडली. "ह्यात टाक," ते म्हणाले. "एवढं तरी करेल." त्याने स्क्रू त्या तळहातात टाकले. तो हात गरम होता. का कोण जाणे, तो थंड असेल असं तो इतके दिवस धरून चालला होता. वायर दाराच्या रबरातून आत घेतली, छताच्या कडेने बोटांनी दाबत दाबत पुढे नेली, मानेला रग लागली, घाम डोळ्यांत गेला. आणि मधूनमधून मागे वळून बघितलं की बाबा तळहाताकडे बघत बसलेले, एकही स्क्रू पडू नये म्हणून.

"हे लागलं की मग सगळं दिसेल का तुला मागचं?" बाबांनी विचारलं. तो म्हणाला, सगळं. भिंत, नळ, मांजर बसलं असेल तर मांजर. "रात्रीसुद्धा?" रात्रीसुद्धा. "मग मी काय करू?" त्यांनी हे तक्रारीच्या सुरात विचारलं असतं तर त्याला उत्तर सुचलं असतं. ते खरोखरच विचारत होते, उद्या सकाळी दूध मी आणू का तू, असं विचारावं तसं. "तुम्ही वरती आरामात बसा ना, बाबा." "बसलेलाच असतो की मी." त्याने मान खाली घातली आणि कागद वाचायला घेतला. कागदावर लिहिलं होतं की कॅमेऱ्याच्या वायरीला हिरव्या तारेचा एक छोटा फेरा आहे; तो कापला की चित्र डावं-उजवं पालटतं. कुठल्या परिस्थितीत कापायचा ते पुढे लिहिलं होतं, पण भाषा अशी की देवालाच कळावी. त्याने कागद बाजूला ठेवला. आरशाचं गणित त्याला कोण शिकवणार? उभा जन्म उलट्या अक्षरांचा तक्ता टांगून बसलेला तो माणूस. कॅमेरा बघतो मागे, मी बघतो पुढे. म्हणजे चित्र पालटायलाच हवं. म्हणजे कापायलाच हवा. त्याने हिरवा फेरा चिमट्याने कचकन कापला, टोकांना चिकटपट्टी लावली आणि सगळं पुन्हा दाराच्या आत कोंबून टाकलं. कॅमेरा मुळातच चित्र पालटून देत होता, कापला की सरळ करत होता, हे त्याला सुचलंच नाही. ज्याला आरशातलं काही कळत नाही अशा माणसाने कागद पुन्हा एकदा वाचला असता.

मग तो गाडीत बसला, इंजिन न लावता नुसती किल्ली फिरवली आणि रिव्हर्स टाकला. आरशावरचा पडदा निळा झाला, थरथरला आणि त्यात पार्किंग उगवलं. भिंत. नळ. खुर्ची. त्याला स्वतःचा असा काही अभिमान वाटला की हसू आलं. "आलं!" तो ओरडला. पडद्यात बाबा खुर्चीवरून उठत होते. स्क्रू लावून झाले होते, हात मोकळा होता. भिंतीला खांदा लावून ते उभे राहिले, अगदी बरोबर मधोमध, त्यांच्या नेहमीच्या जागी, आणि त्यांच्याने राहवेना म्हणून की काय, त्यांनी हात वर केला आणि येऊ दे, येऊ दे अशी खूण केली. उजवा हात. पडद्याच्या उजव्या अंगाला तो हात खांद्याच्या वर गेला होता, बोटं मोकळी, मनगट हलत होतं. आणि दुसरा खाली लोंबत होता. तो दार उघडून असा धावला की गुडघा स्टिअरिंगवर आपटला. "बाबा! हात! उजवा हात उचललात तुम्ही!" बाबा गोंधळले. "डावा उचलला रे मी." "नाही, नाही! उजवा! मी बघितला ना. वर, असा, खांद्याच्या वर!" "मला तर डावाच वाटला," बाबा म्हणाले, पण आता तितक्या खात्रीने नाही. ते दोन्ही हातांकडे आळीपाळीने बघत होते. "ह्याचं मला काही कळत नाही म्हणा. त्या दिवशी वाटलं होतं मारली, तेव्हा मारली नव्हती. आज वाटलं नाही, आणि..." "ती मुलगी काय म्हणाली होती? तुमच्या नकळत हलेल म्हणाली होती ना?" "म्हणाली होती खरी." "मग! डावा खाली होता बाबा, मी माझ्या डोळ्यांनी बघितला." बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की ते बघणं त्याने आयुष्यात पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना त्याच्याकडून काहीतरी हवं होतं आणि ते त्याने दिलं होतं. "कॅमेऱ्यात दिसला म्हणजे असणार," ते म्हणाले. "कॅमेरा कशाला खोटं बोलेल?"

मग काय विचारता. बायको जिन्यातच रडायला लागली. ताईला फोन लागला. ती दूरच्या गावाहून इतकी मोठ्याने बोलत होती की फोन कानाला लावावाच लागला नाही. बाबा तिला सांगत होते, "मला कळलंच नाही गं. ह्याने बघितला. ह्याला सगळं दिसतं आता मागचं." ताई म्हणाली, आता व्हिडिओ लावा आणि उचलून दाखवा. बाबांनी प्रयत्न केला. सगळे त्या हाताकडे बघत राहिले. दात आवळले गेले, मानेच्या शिरा वर आल्या, खांदा थोडा वर सरकला आणि हात तिथेच. "आत्ता नाही येत," बाबा जराही न खचता म्हणाले. "इतक्या जणांत लाजत असेल." आणि सगळे हसले. तोही हसला. त्या रात्री तो लवकर झोपला आणि बऱ्याच महिन्यांनी सकाळपर्यंत झोपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात एक निवृत्त मास्तर आले होते. त्यांना खुर्चीत बसवून तो म्हणाला, डावा झाका. मास्तरांनी डावा डोळा झाकला, आणि आरशातल्या मास्तरांनीही त्याच बाजूचा झाकला. हे तो रोज बघत होता. आरशात डावं डावीकडेच राहतं, उजवं उजवीकडेच. त्यात बघण्यासारखं काय आहे? मास्तर वाचत होते. त्याच्या हातातली काच तशीच राहिली. त्याला नळ आठवला. कंपाउंडच्या भिंतीतला गळका नळ. गाडीत बसलं की तो मागे डावीकडे असतो. बाबा गाडीकडे तोंड करून उभे राहिले की त्यांच्याही डावीकडेच, त्यांच्या डाव्या खांद्याशी. आणि काल पडद्यात नळ उजवीकडे होता. त्याने तो बघितला होता. भिंत, नळ, खुर्ची, असं मनातल्या मनात म्हटलंही होतं. हात वर गेला होता तो नळाच्या बाजूचा. "पुढची ओळ वाचू का?" मास्तरांनी विचारलं. तो स्टुलावर बसला. हिरवा फेरा. चिमटा. आरशाचं गणित मला कोण शिकवणार. बाबा म्हणाले होते, डावा उचलला रे मी. साध्या शब्दांत म्हणाले होते. त्यांना बरोबर कळलं होतं, आणि त्याने भांडून, ओरडून त्यांच्याकडून ते कळणं काढून घेतलं होतं. "वाचा," तो मास्तरांना म्हणाला. "वाचा, मी ऐकतोय."

आता घरी जाऊन सांगायचं. बाबा, चूक झाली, वायर कापायला नको होती. इतकं सोपं वाक्य. येताना सिग्नलवर त्याने ते मोठ्याने म्हणून बघितलं. पहिल्यांदा नीट आलं, दुसऱ्यांदा अर्धंच आलं. तिसऱ्यांदा त्याने म्हटलंच नाही. घराचं दार उघडलं तर व्यायाम घ्यायला येणारी मुलगी निघत होती. तिने चपला घालताना हळू आवाजात सांगितलं, "तसा काही फरक नाहीये अजून. पण आज काकांनी स्वतःहून सगळे व्यायाम केले. दोनदा केले. कधी करत नाहीत. जे काही झालं असेल ते होऊ दे." बायको म्हणाली, सकाळपासून बसले नाहीत, भिंतीशी उभे राहून हात उचलायचा चाललाय, खांदा सुजेल अशाने. तिचा चेहरा इतका उजळला होता की तो नुसतं "बरं" म्हणाला. आत बाबा खिडकीशी उभे होते, घामाघूम. "घरात येत नाही," त्यांनी त्याला बघताबरोबर सांगितलं, मोठी गुपिताची गोष्ट असावी तसं. "माझ्या लक्षात आलंय. कामावर उभा राहिला की येतो. गाडीच्या मागे. त्याला माहीत आहे ना तिथे काय करायचं ते. घरात कशाला उचलेल?" तो म्हणाला, "बाबा..." "हां, बोल." समोर ते घामेजलेलं तोंड, एक बाजू किंचित ओघळलेली, आणि दोन्ही डोळे लख्ख. ह्या डोळ्यांचा नंबर त्यानेच काढला होता. "मी जरा खाली जाऊन येतो," तो म्हणाला. "वायर एक ढिली आहे."

पार्किंगमध्ये उजेड कमी होत चालला होता. त्याने डिकीचं प्लास्टिक पुन्हा काढलं, ह्या वेळी काही मोडलं नाही. चिकटपट्टी सोलली. हिरव्या तारेची दोन टोकं. त्याने ती दातांनी सोलून एकमेकांत पिळली. किती पटकन झालं ते! पिळली, पट्टी गुंडाळली, झालं. तुटलेलं काही तुटलेलं राहिलं नाही. त्याला वाटलं, आत्ता इथे बसून मोठ्याने रडावं. पण आपल्याच गाडीच्या डिकीत डोकं घालून रडणारा माणूस शेजाऱ्यांनी बघितला असता, आणि मग त्यांनाही काहीतरी सांगावं लागलं असतं. नाही जोडली असती तर? हा विचार त्याला जोडून झाल्यावर सुचला. रोज सकाळी बाबा मागे उभे राहिले असते, रोज पडद्यात तो हात उचलला गेला असता, आणि त्याने रोज सांगितलं असतं, आला, बाबा, आज कालच्यापेक्षा वर आला. आणि कधीतरी पुन्हा गाडी मागे जाताना त्याने त्या हाताचं ऐकून उलटीकडे चाक फिरवलं असतं. त्याने डिकी लावली. वळून बघतो तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बाबा, कठड्याला धरून. मागे बायको. "ऐकत नाहीत," ती म्हणाली, पण हसत म्हणाली.

"चल, बस," बाबा म्हणाले. "मी उभा राहतो. तू नीट बघ ह्या वेळी, मला सांग कुठपर्यंत येतो ते." आणि त्याने काही म्हणायच्या आत ते भिंत धरून धरून निघालेसुद्धा. तो म्हणू शकला असता. अजूनही म्हणू शकला असता. बायकोने त्याला हाताने खुणावलं, बस ना. तो गाडीत बसला, कारण बसणं त्याला जमत होतं. खिडकीची काच खाली केली. किल्ली फिरवली, इंजिन बंदच ठेवलं, रिव्हर्स टाकला. पडदा निळा झाला, थरथरला. भिंत. डावीकडे नळ, जिथे असायला हवा तिथे. मधोमध बाबा, पाय रोवून, सदरा नीट करून. ड्रायव्हरला दिसावं म्हणून फलाटावर उभे राहायचे तसे. "दिसतोय का मी?" ते ओरडले. "दिसताय," तो म्हणाला. "बघ हां मग."

आणि त्यांनी उचलायला घेतला. पडद्याच्या उजव्या बाजूला तो हात होता, आत वळलेल्या बोटांचा, स्वच्छ दिसणारा. कॅमेरा चांगला होता. पुरेसा उजेड नसतानाही सदऱ्याचं बटण न् बटण दिसत होतं. बाबांचा खांदा वर आला. मान तिरकी झाली. ओठ आवळले गेले, डोळे मिटले गेले, सगळं शरीर उजवीकडून वर ओढलं जात होतं, आणि त्या ओढण्याच्या टोकाला तो हात जिथल्या तिथे. बोटसुद्धा नाही. "आला?" बाबांनी डोळे मिटूनच विचारलं. त्याने तोंड उघडलं. आला म्हणावं, की नाही म्हणावं, की थांबा म्हणावं? तीनही शब्द तिथेच होते आणि एकही त्याचा नव्हता. बाबांनी पुन्हा जोर केला. भिंतीला टेकलेली पाठ घसरली, सावरली. "आता? आता आला का रे?" त्याची पकड गिअरवर होती आणि तो पडद्याकडे बघत होता, बघत होता, डोळे न हलवता. बायको जिन्याशी उभी होती आणि तिला बाबा सरळ दिसत होते. त्याला बाजूच्या आरशातून तिचा चेहरा दिसला आणि त्यावरचं हसू विझताना दिसलं. नळ तेवढा गळत होता.

बाबांनी डोळे उघडले. ते कॅमेऱ्याकडे बघत होते, म्हणजे त्याच्याकडे. थोडा वेळ तसेच बघत राहिले. मग खांदा खाली आला, मान सरळ झाली, चेहरा नेहमीचा झाला. त्यांनी एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. पडद्यात ते मोठे मोठे होत गेले, सदरा, मग नुसतीच बटणं, आणि मग डाव्या बाजूने एक हात वर आला, चांगला हात, डावा. तो जवळ आला, आणखी जवळ, त्याच्या रेषा दिसल्या, आणि पडदा काळा झाला. डिकीवर एक सणसणीत थाप पडली. ती सीटमधून, पाठीतून त्याच्या पायापर्यंत गेली. गाडी जागची हललीही नव्हती. तरी त्याने ब्रेक दाबला आणि तसाच दाबून धरून बसला.